गाण्यातली उचकी

४ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

हे पत्र वाचण्याआधी दुकानातल्या शिलाईच्या बायकांना दहा मिनिटं बाहेर बसव. फोनच केला असता, पण तुझ्या कानांना फोन म्हणजे नुसती गुरगुर. मी "भीती वाटते" म्हणायची आणि तू "भाजी वाढते? बरं, वाढ" म्हणायचीस. शिवाय मला तुझं उत्तर लेखी हवं आहे.

मुलानं मला भिंतभर टीव्ही बसवून दिला. म्हणाला, "आई, दिवसभर खिडकीतून रस्ता बघतेस, त्यापेक्षा हे बघ." परवा रविवारी सगळी जेवायला आली होती. नात त्या टीव्हीशी खेळत बसली होती, तिनं एकदम हाक मारली, "आजी, तुझा तो होडीवाला सिनेमा सापडला!" मी हातातलं भांडं टाकून धावले. आपला सिनेमा, बुटके! पन्नास वर्षांनी!

मी म्हटलं, आत्ता नको, हा असा येता-जाता बघायचा नसतो. सोमवारी दुपारी पडदे ओढले, खुर्ची समोर घेतली आणि शेजारी एक रिकामी खुर्ची ठेवली. ती तुझी. हसायचं तर हस.

ती नदी आली, तो धक्का आला, कमरेला दोर बांधलेली होडीवाली आली. तिच्या आधी मीच तिची वाक्यं म्हणत होते. एकवीस वेळा पाहिलाय आपण तो. माझा मामा, म्हणजे तुझे बाबा, थिएटरात मशीन चालवणारे ऑपरेटर, म्हणून तिकीट नाही; कॅबिनच्या जिन्याखालच्या तीन खुर्च्या आपल्या, मधे आई. सिनेमा दर दीड-दोन वर्षांनी परत लागायचा आणि लागला की तीन-चारदा तरी आई आपल्याला घेऊन निघायची. माझा धाकटा भाऊ गेला त्यानंतर वर्षभर ती घराबाहेर पडली नव्हती, ती पडली या सिनेमासाठी. एकवीस हा आकडा मी भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मारून ठेवला होता. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनं पकडलं तेव्हा "या नद्यांच्या लांब्या आहेत, सिस्टर" असं धडधडीत सांगणारी तूच.

तर होडीतलं गाणं आलं. आई वल्हवतेय, मुलगा मागे बसून कागदी होडी करतोय. तुला आठवतं ना, तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर गाण्याला उचकी लागायची? आपण दोघीही मोठ्यानं "हिक्!" करायचो, आई चापट मारायची, आणि लगेच होडीवाली धक्क्यावर एकटी कंदील लावताना दिसायची. मुलगा पलीकडच्या तीरावर शाळेला गेला, हे आपल्याला ठाऊकच होतं. त्याच्यासाठी ती रोज संध्याकाळी कंदील लावते, आणि अगदी शेवटी एके दिवशी स्वतःच फुंकर मारून तो विझवते आणि हसते. उद्यापासून सुट्टी, उद्या येतोय तो! म्हणून तर परत परत पाहायचो. इतका गोड शेवट दुसऱ्या कुठल्या सिनेमाचा होता?

बुटके, टीव्हीवर उचकी लागली नाही. गाणं पुढे गेलं. मुलगा कागदी होडी सोडायला वाकला आणि पाण्यात पडला. ती वल्हं टाकून उडी मारते. खूप वेळ नुसतं पाणी. मग तिचा हात वर येतो आणि हातात त्याची टोपी असते. एवढंच. मग धक्का, आणि कंदील.

मी टीव्ही बंद केला. मग पुन्हा लावला, मागे नेला, पुन्हा पाहिला. चार वेळा पाहिला. एकवीस वेळा पाहिलेल्या सिनेमातला तो सीन मी जन्मात पाहिलेला नाही.

चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. एक ओळ गळली तर पानाकडे नुसतं पाहून मला कळायचं. आणि इथे अख्खं पोर गळलं?

तू शेजारी बसायचीस. मला एवढंच सांग, तो सीन होता की नव्हता? हो किंवा नाही. आईचं विसरणं कसं सुरू झालं होतं ते तुला माहीत आहे. म्हणून विचारते.

तुझी,
लंबूताई


१२ फेब्रुवारी

प्रिय लंबूताई,

आधी एक कप चहा पी. प्यायलीस? आता वाच.

होता गं तो सीन. असणारच. सिनेमा काय पन्नास वर्षं फळीवर पडून नवीन पोरं बुडवतो? आपण डोळे झाकून घेत असू. मी तर कुणी जोरात दार लावलं तरी आत्याच्या कुशीत तोंड खुपसायची. तूही काही वाघीण नव्हतीस. झाकले असतील डोळे आणि गेलं असेल विसरून. लहान मुलं नको ते विसरतात, देवाची कृपाच ती.

आत्याचा आणि याचा काय संबंध? तू आत्यासारखी नाहीस. आत्या भोळी होती, तू वकिलाची आई शोभतेस.

इथे माझी धांदल उडालीय. एका नवरीचा पोशाख तिसऱ्यांदा उसवला. दर आठवड्याला बाईसाहेब बोटभर वाढतात आणि तिची आई मला म्हणते, "तुमची टेप आखडली असेल." मी म्हटलं, "हो तर, फक्त तुमच्या मुलीपुरती आखडते." गिऱ्हाईक बहुतेक गेलं.

ऐक माझं, तो सिनेमा आता परत बघू नकोस. काही जुन्या गोष्टी घडी घालून ठेवलेल्याच बऱ्या. आणि त्या मोठ्या टीव्हीसमोर इतकं जवळ बसत जाऊ नकोस.

तुझी,
बुटकी


१९ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

तुझं पत्र मिळालं. "होता" हा शब्द मी इतक्यांदा वाचला की तो शब्द वाटेनासा झाला.

डोळे झाकले असते तर झाकल्याचं आठवलं असतं. बोटांच्या फटीतला उजेड आठवला असता, आईच्या हाताचा वास आठवला असता. मला त्या जिन्याखालचा प्रत्येक खिळा आठवतो. तुझी खुर्ची करकरायची, माझ्या खुर्चीची गादी फाटून काथ्या टोचायचा. वरून मामाच्या मशीनची घरघर यायची. आणि नेमका तो सीन नाही? कुणी बोटानं पुसून घ्यावा तसा गेलाय. ती उचकी मला आठवते आणि टीव्हीवर ती नाहीच. म्हणजे जे होतं ते माझ्याकडे नाही, आणि जे माझ्याकडे आहे ते कधी नव्हतंच! मग माझ्या डोक्यातलं बाकीचं तरी खरं कशावरून?

आणि विसरले ते काय, तर पाण्यात पडणारं पोर. मी. जिचा सख्खा भाऊ तळ्यात गेला ती.

त्या दिवसापासून मी स्वतःच्याच मागावर असते. गॅस बंद केला की बंद केल्याचं मोठ्यानं म्हणते. तरी जिना उतरून परत चढते. सकाळी उठल्यावर आधी वार, मग तारीख, मग नातीचं पूर्ण नाव म्हणते, आणि नाव येईपर्यंत जो एक क्षण जातो ना, त्या क्षणात मला घाम फुटतो. परवा किल्ल्या सापडेनात. दीड तास शोधल्या. साखरेच्या डब्यात निघाल्या. त्या तिथे मी कधी ठेवल्या ते मला अजून आठवलेलं नाही. हे मुलाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

आईचं शेवटचं वर्ष तू पाहिलं नाहीस, तू बाळंतपणात अडकली होतीस. चार वाजले की ती दारात जाऊन उभी राहायची. चौकटीला धरून, रस्त्याकडे बघत. "धाकटा शाळेतून आला का गं?" मी म्हणायची, "येईल." ती म्हणायची, "आज उशीर झाला." रोज. पाऊस असो, ऊन असो. बुटके, धाकटा शाळेत कधी गेलाच नव्हता. चार वर्षांचा होता तो गेला तेव्हा. त्याच्या पाटीवर अजून रेघसुद्धा उमटली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, घडलेलं जातं आणि न घडलेलं येऊन बसतं.

माझंही तेच झालंय ना?

शेजारीण काल विचारत होती, "मावशी, तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, "छान आहे." ती गेल्यावर आठवून पाहिलं, तिचं नाव मला माहीत होतं की नुसतं वाटत होतं?

तुझी,
लंबूताई


२७ फेब्रुवारी

प्रिय लंबूताई,

किल्ल्या माझ्याही हरवतात. गेल्या महिन्यात कात्री शोधत होते आणि ती माझ्या हातातच होती. त्यावर दुकानातल्या पोरी आठवडाभर खिदळत होत्या.

डॉक्टरांकडे जाऊन ये. उगाच मनाचे खेळ नकोत. त्या उचकीचा फार विचार करू नकोस. जुनी रिळं, जुने कर्णे, त्यात काय काय आवाज यायचे.

मी यायचं म्हणत होते, पण या महिन्यात लग्नाचे कपडे आहेत. पुढच्या महिन्यात बघू. घाईनं काही ठरवू नकोस एवढंच.

बुटकी


२२ मार्च

प्रिय बुटके,

महिनाभर लिहिलं नाही. आज लिहायला बसले कारण आता सगळं ठरलं आहे, आणि ठरल्यावर भीती थोडी खाली बसते. चिखल बसतो तशी. ढवळलं की पुन्हा वर.

डॉक्टरांकडे गेले. तरुण आहे, सभ्य आहे. मला घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात कमी करायला लावले, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी परत विचारले. मी पाचही सांगितले. म्हणाला, "आजी, तुमच्या वयाला उत्तम आहे. सहा महिन्यांनी या." मुलगा खूश झाला. मी मनात म्हटलं, पाच शब्द विचारलेस बाबा, तो सिनेमा कुठे विचारलास? तुझं पत्र पर्समध्येच होतं. "होता गं तो सीन." ते काढून त्याला दाखवायचा धीर झाला नाही.

मग मी एकटी जाऊन एक घर बघून आले. गावाबाहेर आहे, म्हाताऱ्यांचं. चांगलं आहे, खरंच. लांब बोळ, दोन्ही बाजूंनी धरायला लाकडी कठडा. प्रत्येक दारावर फळाचं चित्र, कारण आकडे राहत नाहीत ना लक्षात. मला नासपतीची खोली मिळणार आहे. व्यवस्थापिका बाई एकेक शब्द सावकाश, मोठ्यानं बोलतात. मी त्यांना म्हटलं, "मला ऐकू येतं." त्या तितक्याच मोठ्यानं म्हणाल्या, "हो हो, येतं ना!" बोळाच्या टोकाला एक बाई बसल्या होत्या. मी जवळून गेले तशी माझा हात धरून म्हणाल्या, "आलीस? किती वेळ लावलास." हात गरम होता. मी म्हटलं, "आले." मग मला तो हात सोडवता येईना.

पाच एप्रिलला सही करायची. मुलगा चिडलाय. "आई, डॉक्टर ठीक म्हणाले ना? मग हे कुठलं खूळ?" सूनबाई रडली, तिला वाटलं तिचंच काही चुकलं. मी त्यांना एवढंच सांगितलं, माझी आई दारात उभी राहायची तेव्हा मी तीस वर्षांची होते आणि दर संध्याकाळी मला तिचा राग यायचा. तो राग मला तुमच्या तोंडावर बघायचा नाही. सही करता येतेय तोवर सही करावी.

घर आवरतेय. प्रत्येक कपाट उघडताना धाकधूक होते, काय निघेल जे मी ठेवलेलं मला आठवत नाही! एका कपाटात भूगोलाची वही निघाली. शेवटचं पान फाडून पाठवते आहे. एकवीस रेघा आहेत, मोजून घे. तुझ्याकडे राहू दे. माझ्याकडे राहिलं तर एके दिवशी मीच त्या नद्यांच्या लांब्या समजून बसेन.

तुझी,
लंबूताई


२५ मार्च

लंबूताई,

सही करू नकोस. बाकीचं नंतर वाच, आधी हे वाच. सही करू नकोस.

तो सीन नव्हता. एकवीस वेळांत एकदाही नव्हता. मी खोटं लिहिलं.

पाकिटात पातळ कागदात गुंडाळलेली हातभर पट्टी आहे. ती खिडकीशी धर. कडांना धर, चित्रावर बोट टेकवू नकोस, बाबा असते तर ओरडले असते. आंबूस वास येईल, तो जुन्या फिल्मचा. तुझं भिंग घे. पाणी दिसेल, हात दिसेल, हातात टोपी. बघितलीस? आता बस.

सिनेमा पहिल्यांदा आला तेव्हा बाबांनी गुरुवारी रिळं तपासली. दर नवीन सिनेमाची ते आदल्या दिवशी तपासायचे, कुठे फाटलंय का बघायला. मी त्यांच्याबरोबर कॅबिनमध्ये होते. तो सीन आला आणि बाबांनी मशीन थांबवलं. मग म्हणाले, "उद्या आत्याला आणायचं ठरवलंय. वर्षानं पहिल्यांदा हो म्हणालीय ती." आणि कात्री काढली.

मी नऊ वर्षांची. माझी बोटं बारीक, म्हणून दोन्ही टोकं मी जुळवून धरली आणि त्यांनी जोड लावला. नखरंगासारखा वास असायचा त्या जोडायच्या पाण्याला, अजून कुठे नखरंग उघडला की मला ती कॅबिन आठवते. गाण्याच्या मधोमध कापावं लागलं. तुझी उचकी ती. तुला जे आठवतं ते अक्षर न् अक्षर खरं आहे. आत्याच्या शेजारी बसून मीही "हिक्!" करायची, कारण केलं नसतं तर तू विचारलं असतंस, का नाही केलंस.

सिनेमा परत पाठवताना बाबा तो तुकडा पुन्हा जोडून द्यायचे, आणि पुन्हा आला की पुन्हा कापायचे. दर जोडाला एकदोन चित्रं कमी व्हायची. शेवटच्या खेपेला रिळं इतकी झिजली होती की ती परत मागवलीच नाहीत कुणी, तेव्हा तो तुकडा घरी राहिला. बाबा गेल्यावर त्यांच्या पेटीत सापडला; बाकीचा चिकटून वाया गेला होता, एवढीच पट्टी शाबूत निघाली. तेव्हापासून माझ्या बटणांच्या डब्यात आहे.

आणि हेही आता सांगून टाकते. त्या पहिल्या दिवशी खेळ संपल्यावर आत्या जिना चढून कॅबिनमध्ये आली. तू खाली पाणी प्यायला गेली होतीस. दारात उभी राहून म्हणाली, "दादा, तो मुलगा कुठे गेला रे? मधेच दिसेनासा झाला."

बाबा मशीनकडेच तोंड करून होते. म्हणाले, "शाळेत गेला. पलीकडच्या तीरावर."

आत्यानं दाराची चौकट धरली. मग म्हणाली, "बरं झालं." आणि खाली गेली. तिला कळलं होतं की नव्हतं, मला आजवर माहीत नाही. घरी जाताना तिनंच तुला सांगितलं, तो शाळेत गेलाय म्हणून.

बाबांनी मला शपथ घातली होती. मालकाला कळलं असतं तर नोकरी गेली असती. पण ते झालं निमित्त, ते मालक आणि बाबा दोघंही जाऊन जमाना झाला. मी तुला खोटं लिहिलं त्याचं कारण वेगळं. तो तुकडा दाखवायचा तर धाकट्याचं बोलावं लागणार. तो तळ्याकडे गेला तेव्हा आपण दोघी अंगणात दोरीच्या उड्या मारत होतो, आणि त्याच्याकडे बघायला आपल्याला सांगितलं होतं. साठ वर्षांत तू ते उच्चारलं नाहीस, मी नाही. मला वाटलं, "होता" म्हटलं की विषय मिटेल. तू इतकी घाबरली असशील असं वाटलं नाही. नाही, तेही खोटं. दुसऱ्या पत्रातच कळलं होतं. तरी महिनाभर मी लोकांचे कपडे शिवत बसले.

तू आत्याचं लिहिलंस, चार वाजता दारात उभी राहायची ते. मला कुणी सांगितलंच नव्हतं गं. ते वाचून मी मशीनवरून उठले आणि दुकानाचं दार लावलं. तरीही खरं लिहिलं नाही.

हे पत्र माणसाच्या हाती पाठवते आहे, पाच तारखेच्या आत पोचावं म्हणून. शिव्या दे, काय वाटेल ते कर. पण सही करू नकोस.

बुटकी


३० मार्च

प्रिय बुटके,

पट्टी मिळाली. खिडकीशी धरली. पाणी, हात, टोपी. चोवीस चित्रं आहेत, म्हणजे जेमतेम एक सेकंद. कडांनाच धरली, मामाची शपथ.

पहिला दिवस मी फक्त रागात काढला. तुला लिहायची पत्रं मनात रचली, एकेक अशी तिखट की तुझं दुकान पेटलं असतं. दुसऱ्या दिवशी चार वाजता सहज खाली दारात जाऊन उभी राहिले. आई जशी धरायची तशी चौकट धरली. शाळा सुटली होती, मुलं जात होती, एकाची टोपी मागे पडली आणि तो परत पळत आला उचलायला. तेव्हा मला आईचा चेहरा दिसला, बुटके. ती घाबरलेली कधीच नसायची. मी घाबरलेली असायचे. ती नुसती वाट बघायची. मामानं तिला वाट बघण्याजोगं काहीतरी कापून दिलं होतं, आणि सगळं गेलं तरी तिनं तेवढं सोडलं नाही. तिच्या डोक्यात कंदील कधी विझलाच नाही. आणि मी तिच्यावर रागवायची.

दोरीच्या उड्यांचं तू लिहिलंस. मी मोजत होते. अठ्ठ्याऐंशीपर्यंत आले होते, तेव्हा तळ्याकडून कुणीतरी ओरडलं. हा आकडा कुठल्याही वहीत नाही. तो कुठल्याही डॉक्टरनं कधीही विचारावा, मी सांगेन. तू लहान होतीस, तुला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. एवढं ओझं तुझ्याकडून मी काढून घेते.

सही केली नाही. व्यवस्थापिका बाईंना फोन करून सांगितलं, तर त्या मोठ्यानं म्हणाल्या, "विसरलात का, तुमची खोली ठेवलीय!" मी म्हटलं, "विसरले नाही, येत नाही." मुलानं मिठी मारली. त्याला वाटतंय सगळं मिटलं.

पण तुला खरं सांगायला हवं, कारण आता आपल्यात खोट्याला जागा नाही. पट्टीनं सिनेमाचा उलगडा झाला. किल्ल्यांचा नाही झाला. त्या साखरेच्या डब्यात मामानं नव्हत्या ठेवल्या. तुझं पत्र आलं त्याच दिवशी दूध तापत ठेवून मी आत जाऊन बसले, आणि शेजारणीनं दार वाजवून सांगेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता. भांडं जळून काळं झालं. मनात तुला पत्र रचत होते म्हणून असेल. नसेलही. सहा महिन्यांनी डॉक्टर पुन्हा पाच शब्द विचारणार, आणि त्या दहा मिनिटांत माझ्या छातीत काय होईल ते मला आत्ताच माहीत आहे.

म्हणून ये. नवरीला म्हणावं, आता वाढ हवी तेवढी. तुझी खुर्ची टीव्हीसमोर तशीच ठेवलीय. बाविसाव्या वेळी आपण पूर्ण पाहू, उचकीशिवाय, डोळे न झाकता. माझा हात मात्र धर. भूगोलाच्या वहीचं पान घेऊन ये, त्यावर एक रेघ मारायची आहे.

आणि एक शब्द दे मला, लेखी. पुढे कधीतरी, या वर्षी म्हण की दहा वर्षांनी, तो सिनेमा बघता बघता मी तुझ्याकडे वळून विचारलं, "बुटके, तो मुलगा कुठे गेला गं?" तर खरं सांगत बसू नकोस. मामासारखं तोंड पडद्याकडे ठेव आणि सांग, शाळेत गेलाय.

मी म्हणेन, बरं झालं.

तुझी,
लंबूताई